मराठी दोन

बाईंच्या लॅपटॉपवर एंटरच्या बटणाला टोपी होती. बामच्या बाटलीचं हिरवं झाकण, उपडं घातलेलं. एंटर दाबायचं तर आधी ते झाकण उचलून बाजूला ठेवावं लागायचं, आणि उचलायची परवानगी सहजासहजी मिळायची नाही.

"काय येणार आहे?" बाई विचारायच्या.

"रन केल्यावर कळेल ना."

"ते त्याला कळेल. मी तुला विचारतेय. आधी तोंडाने सांग, मग एंटर."

'तो' म्हणजे आर. संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर. त्यात रंगीत बटणं नसतात, रिकाम्या पडद्यावर आपण आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं, की उत्तर येतं. गंमत अशी की चुकीचं विचारलं तरी बऱ्याचदा उत्तर येतंच, आणि तितक्याच ठामपणे येतं. बाईंचा सगळा राग या गोष्टीवर होता. "माणसाला कळलं नाही तर तो निदान डोकं खाजवतो," त्या म्हणायच्या. "याला ते डोकंही नाही आणि ती खाजही नाही."

मी तेव्हा परळच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीचं मास्टर्स करत होते. बाई दुसरीकडे संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या विभागाने त्यांना जिन्यावरची एक अरुंद खोली दिली होती, प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना आकडेमोडीत मदत करण्यासाठी. खोलीत आधीपासून एक प्लास्टिकचा सांगाडा उभा होता, खालचा जबडा नसलेला. बाई त्याच्या मनगटाला आपली कापडी पिशवी अडकवायच्या आणि जाताना त्याला "येते रे" म्हणायच्या. त्यांचा विनोद आहे की सवय, हे मला कधी कळलं नाही.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं.

"मॅम नाही. बाई म्हण."

मला ते जड गेलं. आमच्या शाळेत मिस असायच्या. घरी आई 'बाई' म्हणते ती भांडी घासायला येणाऱ्या मावशींना, आणि तेही त्यांच्यामागे. मी दोन दिवस काहीच हाक मारली नाही, नुसतं समोर जाऊन उभी राहायचे. तशीही मी फार बोलणारी नव्हे. इंग्रजीत कमी बोलते आणि मराठीत त्याहून कमी, कारण मराठीत माझे आकडे अडखळतात. बाईंनी एकदा मला मापं वाचून दाखवली, मी टाइप करत होते. त्या "एकोणतीस" म्हणाल्या आणि मी 39 लिहिलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठली शाळा?"

मी सांगितलं.

"नन होत्या?"

"हो."

"मारायच्या?"

"मराठीत बोललं तर उभं करायच्या."

बाईंनी 39 पुसून 29 केलं. मग म्हणाल्या, "गप्प बसणारी माणसं मला चालतात. फक्त एंटरच्या आधी बोलायचं. आणि ते मराठीत, कारण इंग्लिशमध्ये तुम्ही पोरं पाठ केलेलं बोलता."

खरं होतं ते. इंग्रजीत मला सगळी वाक्यं तयार यायची. 'देअर इज अ सिग्निफिकंट डिफरन्स बिटवीन द ग्रुप्स.' मराठीत तेच सांगायला गेले की वाक्याच्या मध्यावर लक्षात यायचं, आपल्याला हे कळलेलंच नाही.

आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला बाईंकडे एकाच गोष्टीसाठी जावं लागायचं, अ‍ॅनोव्हासाठी. तीन-चार गट असतात, प्रत्येकाला वेगळा उपचार दिलेला असतो, आणि गटागटांत खरंच फरक पडला का ते या पद्धतीने तपासतात. बाई सांगायच्या की दर बॅचला कोणीतरी विचारतं, ही अ‍ॅनोव्हा कोण होती. त्या ती पुस्तकातून शिकवत नसत. चाळीतून शिकवायच्या. त्यांचं लहानपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलेलं.

"हे बघ. प्रत्येक खोलीत कुरबुर असतेच. सासू-सून, भाऊ-भाऊ. ती धरून चालायची. आता दोन खोल्यांमध्ये भांडण लागलं, असं कोणी येऊन सांगतं. खरं भांडण आहे की नाही कसं ठरवशील?"

मी वहीत दोन चौकोन काढले.

"खोल्याखोल्यांमधला आवाज हा खोलीतल्या रोजच्या कुरबुरीपेक्षा बराच मोठा पाहिजे. तरच चप्पल घालून खाली उतरायचं. नाहीतर आपला भात बघायचा. एवढीच अ‍ॅनोव्हा आहे. एक भागिले दुसरं."

उत्तरात फरक भक्कम असला की आर त्या ओळीच्या शेवटी छोटे तारे छापतो, जास्तीत जास्त तीन. मुलं आधी तारेच शोधायची. बाई म्हणायच्या, "तारे हॉटेलला असतात."

बाईंच्या सगळ्या सवयींत मुलांना हसू यायचं ते त्यांच्या आकड्यांचं. मापं त्या सगळ्यांसारखीच इंग्रजी आकड्यांत भरायच्या, पण गटाचा नंबर नेहमी मराठी. पहिला गट १, दुसरा २, तिसरा ३. त्यासाठी कीबोर्ड बदलायचा, आकडा टाइप करायचा, परत कीबोर्ड बदलायचा. आमचा एक सिनियर होता, कॉम्प्युटरमध्ये हुशार, सगळ्यांना मदत करणारा. तो म्हणायचा, "बाई, एक्सेलवर पाटी लावा, मराठीत बोला, मराठीत मोजा." बाईसुद्धा हसायच्या. एवढंच म्हणायच्या, "आकडा नाही तो, नाव आहे." आम्हाला वाटायचं, वयानुसार माणसाला अभिमानाच्या काही जागा लागतात.

माझा प्रबंध पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या हातांवर होता. दादरला आमच्या घराजवळ एक मोठं पोळी-भाजी केंद्र आहे. तिथल्या बायका सकाळपासून लाटत असतात. मनगट दुखतं, अंगठा दुखतो, मग हळूहळू पकड जाते. त्यांतल्या शेवंतामावशी सगळ्यांत जुन्या. त्यांना घरी बरणीचं झाकण उघडत नसे. त्या बरणी घेऊन शेजारी जायच्या. "लाटणं धरता येतं, पण झाकण उघडत नाही," त्यांनी मला सांगितलं. "आता लाटणंपण कधी सुटेल कळत नाही. सुटलं की घरी बसायचं."

माझ्याकडे हाताची पकड मोजायचं यंत्र होतं आणि मनगटाचे काही साधे व्यायाम होते. तीन गट करायचे ठरलं. पहिल्याला नुसता सल्ला. दुसऱ्या गटातल्या बायकांनी कामाच्या मध्यात दहा मिनिटं थांबून तिथेच व्यायाम करायचा. तिसऱ्यांनी तोच व्यायाम घरी जाऊन करायचा. केंद्राच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. काकूंनी परवानगी दिली ती स्पष्ट शब्दांत. "बघ बाळा, दहा मिनिटं तवे थंड करायचे म्हणजे बाहेर रांग वाढते. तुझ्या अभ्यासापुरतं करते. फायदा दिसला तर सगळ्यांना कायमची दहा मिनिटं देईन. नाही दिसला तर पुन्हा विषय काढायचा नाही."

कोण कोणत्या गटात जाणार ते चिठ्ठ्यांवर ठरणार होतं. त्या दिवशी बाई स्वतः आल्या. पिठाच्या पिंपावर बसल्या, हातात गरम पोळी आणि गूळ. चिठ्ठ्या लाडवाच्या डब्यात होत्या. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शेवंताला दोन नंबरमध्ये टाक. तिचे हात बघ ना."

मला ते पटलं होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"चिठ्ठी काढू दे तिला," बाई म्हणाल्या.

"अहो पण तिलाच जास्त गरज आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच. दया चिठ्ठीत घालायची नाही. आज दया केलीत तर उद्या कोणाला काय खरं ते कळणार नाही. आधी खरं कळू दे, मग सगळ्यांवर करा."

शेवंतामावशींनी चिठ्ठी काढली. ३ आला. घरी करायचा गट. त्यांनी चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "घरी कधी करू गो? घरी गेल्यावर परत लाटायचंच असतं." मग त्या आपल्या चुलीपाशी गेल्या. मी त्या संध्याकाळी बाईंशी बोलले नाही. बाईंनाही ते कळलं असावं. निघताना त्यांनी उरलेला गूळ माझ्या हातावर ठेवला.

मी केंद्रात जात राहिले, पकड मोजत राहिले. दुसऱ्या गटातल्या बायका हळूहळू यंत्र जोरात दाबायला लागल्या. दाबताना आधी त्यांचे डोळे मिटायचे, पुढे मिटेनासे झाले. हे मी पाहिलं होतं. शेवंतामावशी शेवटपर्यंत डोळे मिटून दाबायच्या.

सगळी मापं झाली आणि नेमकं तेव्हा बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. विभागात माझं सादरीकरण ठरलेलं होतं आणि काकूंनाही बोलावलेलं होतं. माझ्या गाइड मॅडम शांत, न्यायी, पण नेहमी घाईत असायच्या. त्यांनी सिनियरला सांगितलं, हिचं अ‍ॅनालिसिस तेवढं चालवून दे. त्याने आनंदाने फाइल उघडली.

"बघ, मराठी आकडे," तो हसला आणि फाइंड-रिप्लेस करून १ चा 1 केला, २ चा 2, ३ चा 3. "आता नीट दिसतंय." त्याने अ‍ॅनोव्हाची, म्हणजे एओव्हीची आज्ञा दिली, एंटर दाबलं. झाकण नव्हतंच.

एकही तारा आला नाही.

"नो डिफरन्स," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. "होतं गं असं."

"पण दुसऱ्या गटाची सरासरी वर दिसतेय," मी म्हटलं.

"दिसते. पण तो योगायोग असू शकतो ना. म्हणून तर टेस्ट करतो आपण."

मॅडम पडद्याकडे बघून मान हलवत नेहमीसारख्या इंग्रजीतच म्हणाल्या, "निगेटिव्ह रिझल्टसुद्धा रिझल्ट असतो. प्रामाणिकपणे लिही. उद्या काकूंना समजावून सांग."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. पण जिना उतरताना बाईंच्या खोलीपाशी थांबले. सांगाड्याच्या मनगटाला पिशवी नव्हती. मला काकूंचं वाक्य आठवत होतं, पुन्हा विषय काढायचा नाही. उद्या मी जे सांगेन त्यावर त्या दहा मिनिटांचा निकाल लागणार होता. आणि शेवंतामावशी त्या चिठ्ठीच्या बदल्यात काहीच न मिळता घरी बसणार होत्या. मी लॅपटॉप छातीशी धरून लालबागला चालत गेले.

बाई तेव्हा लालबागला भाड्याने राहत होत्या. वरळीची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर बांधत होते, तोपर्यंतची सोय. खाली मसाल्याच्या गिरण्या, जिन्यात पोचेपर्यंत मला दोनदा शिंका आल्या. बाईंनी दार उघडलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा.

"शिंकेवरून वाटलंच कोणीतरी दादरचं आहे," त्या म्हणाल्या. "बस. पडदा बघायला बंदी आहे मला. ऐकायला नाही. वाच."

"इंग्लिशमध्ये वाचू?"

"मराठीत."

मी आधी तिन्ही सरासऱ्या सांगितल्या, एक आणि तीनची जवळजवळ सारखी, दोनची वर. मग वाचायला घेतलं. "पहिली ओळ. गट. डीएफ एक. मग वर्गांची बेरीज..."

"पुढे वाचू नकोस."

मी थांबले. खाली गिरणी सुरू झाली होती.

"गट किती तुझे?"

"तीन."

"तीन खोल्या. तिघींची मिळून सरासरी आपल्याला ठाऊक आहे. दोन खोल्यांचं तू मला सांगितलंस, तर तिसरीचं सांगावं लागेल?"

"नाही. ते आपोआप कळेल."

"म्हणजे मोकळ्या किती? डीएफ म्हणजे तेच."

"दोन."

"आणि तो काय म्हणतोय?"

"एक."

"मग कोण खोटं बोलतंय?"

मी पडद्याकडे बघत बसले. बाईंनी घाई केली नाही. त्या चहा करायला उठल्या, अंदाजाने साखर घातली, ओट्यावर सांडली, बोटाने गोळा केली. त्यांचा एक डोळा माझ्याकडे नव्हता याचं मला बरं वाटत होतं.

"कोणीच नाही," मी शेवटी म्हटलं. "त्याला दुसरंच काहीतरी विचारलं गेलंय."

"काय विचारलं गेलंय?"

"त्याला... ते नंबर खरे आकडे वाटले. एक, दोन, तीन. म्हणजे किलो असल्यासारखे. गट वाढतो तसतशी पकड वाढते का, असं त्याने बघितलं. सरळ रेघ ओढून."

"आणि तुझे एक आणि तीन सारखे, दोन वर. रेघ कशी पडली?"

मी हाताने हवेत दाखवली, मग आठवलं की त्यांना नीट दिसत नसेल. "आडवी."

"आडवी. मधला डोंगर गेला." बाईंनी कप माझ्यापुढे ठेवला. "मी मराठी दोन का लिहिते, हे इतक्या वर्षांत एकाने विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं म्हातारीला भाषेचा पुळका. अगं, आरला मराठी आकडे वाचता येत नाहीत. त्याच्या दृष्टीने २ हा आकडाच नाही, एक अक्षर आहे. कोणाचं तरी नाव. म्हणून तो गटाला गट समजतो. आज्ञा देऊनही समजावता येतं, हे गट आहेत म्हणून. पण ती आज्ञा लिहायला माणूस विसरतो. त्याचं अज्ञान मी कामाला लावलं, एवढंच."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"हसलात ना तुम्ही. हसणाऱ्याला मी सांगत नाही. विचारणाऱ्याला सांगते." त्यांनी बशीत चहा ओतला. "चाळीत आमची खोली नंबर एकोणीस. समोर एक मुलगी राहायची, नऊ नंबरला. तिच्याहून मी दहाने मोठी होते का? माझी वही आधी तपासायला घेतली का कोणी? उलट आमच्या नंबरवरून, आडनावावरून माणसं आम्हाला कुठेतरी खालीच मांडायची. नाव सांगितलं की लोक त्याचा आकडा करतात. मी आयुष्यभर उलटं करत आलेय."

मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे काहीतरी मागितलं. "बाई, तुम्ही मॅडमना फोन कराल?"

"नाही."

"तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील."

"माझा डोळा झाकलाय. तुझं तोंड नाही."

मी फाइलमधले गटांचे आकडे परत मराठी केले, तिथेच, त्यांच्यासमोर. आज्ञा टाइप केली. एंटरवर बोट नेलं.

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांना आवाजावरून कळलं असावं. "आत्ता दाबलंस तर उद्या नुसतं वाचून दाखवशील. नाही दाबलंस तर सांगशील. ठरव."

घरी पोचेपर्यंत, आणि घरी पोचल्यावरही, मला ते बटण दिसत होतं. दाबलं असतं तर कोणाला कळणार होतं? आईने दोनदा विचारलं, काय झालं गं. मी लॅपटॉप कपाटात, हिवाळी कपड्यांच्या मागे ठेवला. हट्ट नव्हता तो. मला माहीत होतं की उत्तर हातात असलं की मी त्याच्या मागे लपते. स्लाइड पुढे करते आणि स्वतः बाजूला होते. उद्या मला बाजूला व्हायचं नव्हतं.

सकाळी लिफ्टमध्ये सिनियर भेटला. मी त्याला सांगितलं, गट आकडे म्हणून गेलेत.

"अगं, आत्ता कुठे," तो म्हणाला. "स्लाइड्स मॅडमच्या बघून झाल्यात. नंतर प्रबंधात दुरुस्त करू. आणि समज रिझल्ट तोच आला तर? सगळ्यांसमोर तोंडावर पडशील."

"पडेन," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण असं काही मी बोलत नाही.

काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, चांगली साडी नेसून. शेवंतामावशी त्यांच्या शेजारी, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. मी सुरुवात इंग्रजीत केली, तशीच करायची असते. निकालाच्या स्लाइडच्या आधी थांबले आणि स्लाइड्स बंद केल्या. आरचा रिकामा पडदा भिंतीवर आला.

"व्हॉट इज धिस?" मॅडमनी विचारलं.

मी मॅडमकडे बघितलंच नाही. काकूंकडे बघितलं, आणि मराठीत बोलायला लागले.

"काकू, तुमच्या चुलींना नंबर आहेत ना?"

काकू दचकल्या. "आहेत की. एक ते सहा."

"मग सहा नंबरची चूल तीन नंबरच्या दुप्पट तापते का?"

"सहा? ती मेली धड लागतच नाही. तीनच सगळ्यांत जास्त तापते."

मागे कोणीतरी हसलं. मी थांबले, मग पुढे बोलले. "मग नंबर कशाला दिलेत?"

"ओळखायला. कोण कुठल्या चुलीवर ते सांगायला."

"तसंच माझ्या गटांचं आहे. ते नंबर नावं आहेत. काल कॉम्प्युटरला ते आकडे वाटले. एक, दोन, तीन अशा चढणीवर त्याने सरळ रेघ ओढली, आणि म्हणून त्याला काही फरक दिसला नाही. मी त्याला तेच परत विचारणार आहे, या वेळी गटांना गट म्हणून."

सिनियरने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला आला. मॅडम खुर्चीत पुढे झाल्या. मी तळहाताने एंटरचं बटण झाकलं.

"आधी सांगते. डीएफ दोन येईल, कारण गट तीन आहेत. फरक दिसेल. पहिला आणि तिसरा गट सारखे असतील आणि दुसरा वर असेल. म्हणजे ज्यांनी कामाच्या मध्यात थांबून व्यायाम केला त्यांचीच पकड सुधारली. घरी करायला सांगितलेल्यांची नाही. त्या आळशी आहेत म्हणून नाही. घरी गेल्यावर त्यांना परत लाटायचं असतं, म्हणून."

शेवंतामावशींनी मान वर केली. आपलंच वाक्य आपल्याला परत ऐकू आल्यासारखी.

"आणि असं आलं नाही," मी म्हटलं, "तर तेही मी इथेच वाचून दाखवेन."

मी हात उचलला आणि एंटर दाबलं.

डीएफ दोन. ओळीच्या शेवटी तीन तारे. मग मी जोडीजोडीने तपासलं, तेही आधी सांगून. एक आणि तीनमध्ये काही नाही. दोन दोघांपासून वेगळा.

मॅडमनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग मराठीतच म्हणाल्या, आणि मी त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकत होते, "काल मीसुद्धा डीएफ बघितला नाही. ही स्लाइड बदल. आणि हे जसं आत्ता सांगितलंस तसंच प्रबंधात लिही."

काकू उभ्या राहिल्या. "म्हणजे घरी करा म्हणून सांगून उपयोग नाही. तिथेच करायला पाहिजे."

"हो."

"मला वाटलंच होतं. घरी कोण करतंय. मी तरी करते का?" त्यांनी शेवंतामावशींकडे बघितलं. "आता तवे थंड करावेच लागणार. सहा नंबरपासून सुरू करू. ती तशीही लागत नाही."

बाहेर आल्यावर बाईंना फोन केला. त्यांनी नेहमीप्रमाणे "जय भीम" म्हणून उचलला.

"डीएफ?"

"दोन."

"आधी सांगितलंस?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या. "डोळ्यात औषध घालायची वेळ झाली." आणि फोन ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंनी विभागात येणं थांबवलं. जिन्यावरच्या खोलीत आता प्रिंटर आहेत. सांगाडा कुठे गेला माहीत नाही. मी त्याच कॉलेजात शिकवते, आणि गटांना मराठी नंबर देते. मुलं हसतात. मी काही सांगत नाही.

केंद्रात दहा मिनिटं अजून चालू आहेत, रांग कितीही असो. मधल्या काळात काकूंनी दोनदा ती बंद करायचा विचार केला, तेव्हा मी जाऊन बसले. आता मला तिथे बोलायला जड जात नाही. शेवंतामावशी लाटतात. मागच्या वेळी त्यांनी माझ्यासमोर लोणच्याची बरणी उघडली. लगेच उघडली नाही. त्यांनी ती फडक्यात धरली, ओठ घट्ट मिटले, पण डोळे उघडे होते. झाकण फिरलं तेव्हा त्यांनी ते मला दाखवलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आंब्याचं देऊ की लिंबाचं?"

बाई आता वरळीच्या नव्या टॉवरमध्ये परतल्या आहेत, जिथे त्यांची चाळ होती त्याच जागी. मी भेटायला गेले तर खालचा वॉचमन म्हणाला, त्या आजींच्या घरी कुरिअरवाले नेहमी चुकतात. वर गेल्यावर कारण कळलं. सगळ्या दारांवर बिल्डरच्या इंग्रजी आकड्यांच्या पितळी पाट्या होत्या, बाईंनी आपली काढून स्वतःच्या हाताने रंगवलेली लावली होती. २३०४.

"बघ," बाईंनी दार उघडून पाटीकडे बोट केलं. दोन्ही डोळे आता स्वच्छ होते. "एकोणीसची दोन हजार तीनशे चार झाले. केवढी वाढले."

मी लॅपटॉपची बॅग खाली ठेवली.

"बाई," मी म्हटलं, "आरला सांगू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागल्या, इतक्या की त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.